मागच्या बाकावरून

मास्तरकी करून निवृत्त झालेल्या माणसाला दोन खोडी जन्मभर सोडत नाहीत. एक म्हणजे, दुसऱ्याने लिहिलेले काहीही वाचताना हात नकळत लाल पेन्सिलीकडे जातो. आणि दुसरी म्हणजे, कुठल्याही सभेला गेले तरी पाय आपोआप शेवटच्या रांगेकडे वळतात. पहिल्या खोडीचे कारण सांगायला नको. दुसरीचे असे आहे की, नांदेडच्या शाळेत मी नवा लागलो तेव्हाचे आमचे मुख्याध्यापक तास पाहायला आले की थेट मागच्या बाकावर मुलांच्या शेजारी जाऊन बसत. तास संपल्यावर पाठाविषयी ते फारसे बोलत नसत. एवढेच विचारीत, "गुरुजी, फळ्यावरची तिसरी ओळ मला लागली नाही. शेजारच्या पोराला विचारले, त्यालाही लागली नव्हती. मग ती लिहिली कोणासाठी?"

या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे बत्तीस वर्षे खडू झिजवला, फळ्यावर रोजचा सुविचार लिहिला, फलकलेखनाबद्दल दोन-चार वेळा पाठही थोपटून घेतली. पण त्या प्रश्नाचा खरा अर्थ कळला तो गेल्या वैशाखात. नांदेडपासून पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत-बाहेर, लातूर जिल्ह्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात. ती हकीकत सांगतो.

माझी धाकटी बहीण लातूरला असते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, शेतकीची पदवी घेऊन गावोगाव शेतकऱ्यांना सल्ला देण्याचे काम करते. बहिणीकडे चार दिवस राहावे म्हणून मी नांदेडहून एस.टी.त बसलो. लोहा मागे पडले, अहमदपूर आले, चाकूर आले. वैशाखाच्या उन्हात खिडकीबाहेर पाहण्याजोगे दुसरे काही नव्हते, म्हणून मी रस्त्याकडेचे दगड वाचीत होतो. प्रत्येक दगडावर गावाचे नाव आणि एक आकडा. तेवढेच. हे दगड पुढे या गोष्टीत कामाला येणार आहेत, म्हणून आताच नोंदवून ठेवतो.

लातूरला पोचतो न पोचतो तोच भाचीबाई दारात उभ्या. "मामा, बरे झाले तुम्ही आलात. उद्या संध्याकाळी औसा तालुक्यात एका गावी बैठक आहे. पेरणीच्या आधीची. तुम्हीही चला. मी पडद्यावर स्लाइडी दाखवणार आहे."

आमच्या वेळी भिंतीवर तक्ता टांगीत; आता स्लाइडी दाखवतात. भाचीचे कौतुक पाहावे म्हणून मी गेलो.

देवळाचा सभामंडप चांगला चाळीस फूट लांब होता. समोर सहा फूट रुंदीचा पडदा. साठ-सत्तर माणसे जमली होती आणि त्यांत निम्म्या बाया होत्या. पुढच्या सतरंजीवर सरपंच आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी, मधे तरुण पोरे आणि सर्वांत मागे, खांबाला टेकून, म्हाताऱ्या बाया. मी सवयीने त्यांच्या रांगेत जाऊन बसलो.

दिवे मालवले, प्रोजेक्टर लागला आणि पडद्यावर जे उमटले ते पाहून सगळी सभा चाट पडली. इंग्रजी अक्षरे, त्यांच्या डोक्यावर टोप्या, मधेच टिंबे, मधेच उलटी स्वल्पविरामे. "शेतकरी बंधु-भगिनींनो, नमस्कार" असे तिथे लिहिलेले होते म्हणे! मागून कोणी तरी म्हणाले, "मॅडम, ही कोणती भाषा?" दुसऱ्याने लगेच सांगून टाकले, "मोडी असंल!" हशा पिकला. भाचीच्या कपाळाला घाम. शेवटी तिच्या मोबाइलमध्ये दुसरी प्रत होती, ती लावली आणि एकदाची मराठी दिसू लागली.

दिसू लागली म्हणजे, तिथे मराठी आहे एवढे दिसू लागले. हिरव्यागार सोयाबीनच्या शेताचे छायाचित्र, त्यावर पिवळी अक्षरे, वरच्या दोन्ही कोपऱ्यांत बोधचिन्हे, एक लांबलचक मथळा, त्याखाली सात मुद्दे आणि मुद्द्यांच्या पोटात उपमुद्दे. भाची एकेक ओळ वाचून दाखवीत होती. ती पडद्याकडे तोंड करून वाचीत होती, त्यामुळे तिचा आवाजही देवाकडेच जात होता, आमच्याकडे येत नव्हता.

माझ्या शेजारी सत्तरीची एक आजी बसली होती. तिने मला हळूच कोपराने ढोसले. "भाऊ, तुमाला चष्मा हाय. काय लिव्हलंय ते सांगा की."

मी चष्मा पुसला, डोळे बारीक केले, मान पुढे काढली. मथळ्यातले 'सोयाबीन' तेवढे लागले. बाकी हिरव्यावर पिवळ्या मुंग्या. जन्मभर पोरांना वाचायला शिकवलेला मी मास्तर, मला कबूल करावे लागले, "मलाही दिसत नाही, आजी."

आजी चकित झाली. मग तिच्या तोंडावर एकदम हसू पसरले. "म्हंजे तुमालाबी दिसंना व्हय! मला वाटलं, मीच अडाणी."

वाचकहो, हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले. चौकशी केली तेव्हा कळले की, ही बाई पन्नाशीनंतर रात्रीच्या वर्गाला जाऊन अक्षर शिकलेली. मोठ्या टाइपातली पोथी ती रोज स्वतः वाचते. तिला वाचता येत होते. आम्ही, म्हणजे आम्ही शिकलेल्या माणसांनी, अक्षरे बारीक करून तिला तासाभरापुरते पुन्हा निरक्षर केले होते. आणि दोष मात्र ती स्वतःच्या कपाळी लावीत होती!

रात्री परतताना जीपमध्ये मी भाचीला विचारले, "त्या सगळ्या स्लाइडीत सर्वांत महत्त्वाचे काय होते?"

"पाचव्या मुद्द्यातला दुसरा उपमुद्दा," ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये."

शहरात राहणाऱ्या वाचकांना या ओळीची किंमत चटकन कळणार नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. लातूरकडे खरिपाचे मोठे पीक सोयाबीनचे. या बियाण्याचे टरफल फार नाजूक. पोते आपटले तरी उगवण घटते. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून पेरले आणि मग पावसाने आठ-पंधरा दिवस दडी मारली, तर दाणा जमिनीतच सुकतो किंवा कुजतो. एकरी तीस किलोच्या आसपास बियाणे, खत, पेरणीची मजुरी असे सगळे मातीत जाते. मग दुबार पेरणी. हा शब्द मराठवाड्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो, कारण त्या वर्षी घरात दिवाळीचे कपडे येत नाहीत. २०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी मराठवाड्यात जागोजागी झाल्या होत्या. त्याला बियाण्याची कारणे होती, पावसाची होती आणि पेरणीची घाईही होती. इतके सारे ज्या एका ओळीवर अवलंबून, ती ओळ सातांतल्या पाचव्या मुद्द्याच्या पोटात आणि सर्वांत बारीक अक्षरांत!

"पण मामा, माहिती सगळी होती की!" भाची जरा फुरंगटून म्हणाली. "उद्या कोणी म्हणू नये की सांगितलेच नाही."

'माहिती होती' आणि 'माहिती दिसली' यांत किती अंतर असते, याचा एक दुःखद दाखला जगाला ठाऊक आहे. आपल्या कर्नालची कल्पना चावला ज्या 'कोलंबिया' यानात होती, त्या यानाचा. १६ जानेवारी २००३ रोजी यान उडाले आणि दीड मिनिटाच्या आतच टाकीवरच्या फेसासारख्या आवरणाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना अभियंत्यांनी हिशेब केला आणि तो वरिष्ठांपुढे स्लाइडींवर मांडला. त्यांतल्या एका स्लाइडीचा मथळा धीर देणारा होता. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट होती : पूर्वी ज्या तुकड्यांनी चाचण्या घेतल्या ते ३ घनइंचांचे होते, आता आदळलेला तुकडा १,९२० घनइंचांचा असावा. म्हणजे ६४० पट मोठा! त्या चाचण्यांवरून आताचे काही सांगता येत नाही, असाच त्याचा अर्थ होता. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यानाचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर गेले. एका स्लाइडीने यान पाडले असे म्हणणे खोटे होईल. कारणे पुष्कळ होती. पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडीचा मुद्दाम विचार केलेला आहे आणि एडवर्ड टफ्टी या अमेरिकन प्राध्यापकाने तिची ओळ न् ओळ सोलून दाखवली आहे. माहिती तिथेही 'होती'च.

हे ऐकल्यावर भाची बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, उद्या आपण ही स्लाइड पुन्हा करू. आणि त्याच गावी पुन्हा जाऊ." चार दिवसांचा माझा मुक्काम आठ दिवसांचा झाला तो असा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर आमचा कारखाना सुरू झाला. आधी मी हिशेब मांडला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर जो तक्ता असतो, त्यातली चांगल्या डोळ्याला वीस फुटांवरून जेमतेम वाचता येणारी ओळ साधारण ९ मिलिमीटर उंचीची असते. आपला मंडप चाळीस फुटांचा. म्हणजे शेवटच्या रांगेला तेवढेच जेमतेम दिसायला १८ मिलिमीटर हवेत. आता भाचीचा उपमुद्दा १२ पॉइंटांचा. स्लाइडीची नेहमीची रुंदी सव्वातेरा इंच, पडदा सहा फूट, म्हणजे अक्षर पडद्यावर साडेपाच पटींच्या आतबाहेर मोठे होणार. १२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. तो पडद्यावर झाला पाऊण इंचाहून थोडा अधिक. त्यात वरच्या मात्रांची आणि खालच्या उकारांची जागा वजा केली, तर अक्षराचा देह उरतो निम्मा, अकरा-बारा मिलिमीटर. चांगल्या डोळ्याच्या माणसालाही जे अशक्य, ते आम्ही सत्तरीच्या म्हातारीकडून मागत होतो! हेच अक्षर ३२ पॉइंटांचे केले की तीस मिलिमीटर होते. म्हणजे चष्मेवाल्यालाही वाव राहतो.

"प्रत्येक ठिकाणी इतके गणित कोण करणार?" भाची म्हणाली.

करायची गरज नाही. चाळीस फुटांचा मंडप हा त्या पडद्याच्या रुंदीच्या पावणेसात पट लांब होता. तेच प्रमाण लॅपटॉपला लावले तर अंतर येते साडेसात फूट. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि साडेसात फूट मोजले. तिथे नेमका स्वयंपाकघराचा उंबरठा आला. उंबरठ्यात आमची भगिनी हातात उलथने घेऊन उभी होती. तीच आमची परीक्षक. तिला जे वाचता येईल ते ठेवायचे, जे येणार नाही ते एकतर मोठे करायचे नाहीतर काढून टाकायचे, असा नियम ठरला.

पहिली परीक्षा झाली त्यात सातांपैकी सहा मुद्दे नापास झाले.

मोठे करायला गेलो तर सात मुद्दे पडद्यावर मावेनात. तेव्हा भाचीला आपोआपच कळले की, अक्षर मोठे करायचे तर शब्द कमी करावे लागतात आणि शब्द कमी करायचे तर आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते आधी ठरवावे लागते. अक्षरे बारीक ठेवली की हे ठरवण्याच्या कष्टातून सुटका होते.

मग मी माझी लाल पेन्सिल काढली. इंग्रजी स्लाइडींसाठी सांगितलेले नियम आपल्या लिपीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे मला शाळेच्या वार्षिक अंकासाठी छापखान्याच्या खेपा घालताना कंपोझिटरांनी शिकवले होते. ते भाचीला एकेक करून सांगितले.

आपले अक्षर तीन मजली असते. वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि रफार. मधे अक्षराचा देह. खाली उकार आणि ऋकार. ओळी दाटीने लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीच्या डोक्यावर बसतो. म्हणून मराठीत दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे लागते. शब्दाखाली रेघ तर ओढूच नये. ती उकाराला छेदून जाते आणि 'कुल' की 'कूल' हे कळेनासे होते. आपल्या अक्षरांना वर आधीच एक शिरोरेघ असते, खाली दुसरी देऊन त्यांना पिंजऱ्यात घालण्याचे कारण नाही. अक्षरे विरळ पसरू नयेत. शिरोरेघ तुटली की शब्द मोडतो. तिरपी करू नयेत. ती आपल्या लिपीची चाल नव्हे. आणि जाड टाइप मिठासारखा वापरावा. खिळ्यांच्या काळी जाड टाइप वापरायचा तर कंपोझिटरला दुसरी केस उघडावी लागे, म्हणून तो दहादा विचार करी. आता एका बोटाने सगळेच जाड होते. आणि सगळेच जाड झाले की 'ष्ट' आणि 'ष्ठ', 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्या पोटातली मोकळी जागा बुजून सगळे एकसारखे काळे दिसू लागतात.

टाइप निवडतानाही डोळे उघडे हवेत. ज्यात 'ख' खाली जोडलेला नसतो, त्यात लांबून 'खाना' आणि 'रवाना' यांचा घोटाळा होतो. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे असावेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने आपली वर्णमाला प्रमाण करताना ही वळणे ठरवून दिली आहेत. म्हातारी माणसे लहानपणी गिरवलेल्या वळणावर विसंबून वाचतात. तेच बदलले की अडखळतात.

पडद्यावर 'मोडी' का उमटली, त्याचाही उलगडा झाला. ती स्लाइड जुन्या पद्धतीच्या टाइपात होती. त्या पद्धतीत संगणक मनातून इंग्रजी अक्षरच लिहीत असतो. फक्त त्या अक्षराच्या जागी मराठी चित्र बसवलेले असते. दुसऱ्या संगणकावर ते चित्र नसले की मुखवटा गळून आतली इंग्रजी बाहेर पडते. युनिकोडमध्ये असे होत नाही. तिथे प्रत्येक मराठी अक्षराला जगभर मान्य झालेला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक २३२५. तो नांदेडला जो, तोच लातूरला आणि तोच लंडनला. विंडोजसाठीचा 'मंगल' हा युनिकोड टाइप आपल्या र. कृ. जोशींनी घडवला. सुलेखनात जन्म घालवलेल्या या मराठी माणसाचे हस्ताक्षर अशा रीतीने लाखो संगणकांत जाऊन बसले आहे. तेव्हा युनिकोडात लिहावे, शिवाय पीडीएफ प्रत जवळ ठेवावी आणि सभेआधी अर्धा तास जाऊन पडद्यावर एकदा पाहून घ्यावे. नाटकवाले रंगीत तालीम करतात, मग आपण का करू नये?

मागचे छायाचित्र गेले, बोधचिन्हे पहिल्या स्लाइडीपुरती उरली. पांढरट पडदा आणि त्यावर काळी अक्षरे. भाचीला ते फारच ओकेबोके वाटले. मी तिला रस्त्याकडेच्या दगडांची आठवण करून दिली. "नांदेड-लातूर रस्त्यावर जागोजाग स्लाइडीच लावल्या आहेत. गावाचे नाव आणि एक आकडा. धावत्या एस.टी.तून दोन पळांत वाचून होतात, आणि त्या ओक्याबोक्या आहेत अशी तक्रार अजून कोणी केलेली नाही."

सगळ्यात मोठी अडचण मात्र शेवटी आली आणि ती आमच्या मायबोलीनेच आणली. ती महत्त्वाची ओळ आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिली : '१०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये.' ओळ पडद्यावर मावली नाही, मोडली. बहिणीने उंबरठ्यातून मोठ्याने वाचले, "शंभर मिलिमीटर पाऊस... पेरणी करू..." आणि भाजी करपेल म्हणून ती आत वळली. 'नये' खालच्या ओळीत एकटेच राहिले होते!

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो. कागदावर ठीक आहे, वाचणारा ओळीच्या अंतापर्यंत जातो. पडद्यावर ओळ मोडली, डोळा थकला, की नकार गळतो आणि सल्ल्याचा अर्थ नेमका उलटा होतो. म्हणून आम्ही ठरवले की पडद्यावर 'नये' लिहायचेच नाही. काय करायचे ते सरळ सांगायचे. ओळ मोडायचीच तर अर्थ जिथे थांबतो तिथे मोडायची. तासभर खाडाखोड करून चार स्लाइडी उरल्या.

पहिली : 'आधी पाऊस. मग पेरणी.' दुसरी : '७५ ते १०० मि.मी.' आणि खाली चित्र : सरळ काठाचा डबा, त्यात उभी धरलेली हाताची बोटे. पावसाळ्यात असा डबा उघड्यावर ठेवावा, रोज सकाळी पाणी मोजून आकडा लिहावा आणि डबा रिकामा करावा. आडवी चार बोटे म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर. अंगठा धरून पंजा म्हणजे १००च्या जवळ. तिसरी : '१०० दाणे ओल्या गोणपाटात. ७० उगवले, तर बियाणे चांगले.' चौथी : 'खोली ३ ते ४ सें.मी.'

चित्र पाहून बहीण म्हणाली, "बोटे आडवी हवीत ना? तू तर उभी काढलीस." चित्रही नापास झाले आणि पुन्हा काढले. परीक्षक असा असावा!

"पण मामा," भाचीने शेवटची शंका काढली, "एवढेसेच दाखवले तर लोक म्हणतील हिची तयारीच नाही. बाकीची माहिती कुठे जाणार?" बाकीची माहिती एका कागदावर छापून हातात द्यावी, ती घरी नेऊन सावकाश वाचायची. पडदा वाचण्यासाठी नसतो, बोलण्याला हात देण्यासाठी असतो. आपल्याकडे हे नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ करीत. चित्र पडद्यावर असे आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी. आमच्या नांदेडने तर नरहर कुरुंदकरांना ऐकले आहे. विद्यार्थी असताना मीही ऐकले. त्यांना पडदा लागला नाही, कारण काय सांगायचे ते त्यांना पक्के ठाऊक असे. ते ठाऊक नसले की माणूस सात मुद्द्यांच्या मागे लपतो.

मृग निघायला चार दिवस असताना आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. तोच मंडप, तोच पडदा. मी खांबाशी जाऊन बसलो. आजी आलेली होती. पहिली स्लाइड लागली. भाची काहीच बोलली नाही. मी तिला तसे बजावूनच ठेवले होते. क्षणभर शांतता. मग माझ्या शेजारून आवाज आला, एकेक अक्षर लावीत, पोथी वाचावी तसा : "आ-धी पाऊस... म-ग पे-र-णी." पुढच्या रांगेतली माणसे वळून पाहू लागली. आजी लाजली; पण दुसरी स्लाइडही तिनेच वाचली.

आता, यानंतर सगळा गाव शहाणा झाला असे मी लिहिले तर ती थाप होईल. एक तरुण शेतकरी उठून म्हणाला, "मॅडम, समदं खरं हाय. पर शेजाऱ्यानं तिफण धरली की आपल्याला दम निघत न्हाई." दुसऱ्याने सांगितले की, उशीर झाला की पुढचे रब्बीचे गणित चुकते. अर्धा तास जोरदार वाद झाला. भाची गोंधळली, मला मात्र बरे वाटले. मागल्या खेपेला सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि घरी गेले होते. या खेपेला ते भांडत होते, म्हणजे त्यांना समजले होते. जे दिसतच नाही त्याच्याशी कोण भांडणार?

परवा भाऊबीजेचे निमंत्रण देण्यासाठी बहिणीचा फोन आला. मागून भाचीने तो हिसकून घेतला. पुन्हा त्या गावी गेली होती म्हणे. मृगाच्या दोन सरी पडल्या तेव्हा आजीच्या मुलाने बियाण्याचे पोते बाहेर काढले होते. आजीने धाब्यावरचा पत्र्याचा डबा, रोजच्या आकड्यांचा कागद आणि स्वतःचा हात त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "दोनच बोटं झाली. आजून दोन राहिलीत." पोते परत आत गेले. पुढे पीक कसे आले, भाव काय मिळाला, या गोष्टी पावसाच्या आणि बाजाराच्या हाती. त्यांचे श्रेय किंवा दोष चार स्लाइडींकडे जात नाही. पण तेवढा एक निर्णय त्या घराने स्वतः वाचून घेतला.

तुमच्या घरीही कोणी तरी लॅपटॉप उघडून स्लाइडी करीत बसलेले असेल. मुलाचा कॉलेजातला प्रकल्प असेल, सुनेची कचेरीतली बैठक असेल. फराळाचे ताट घेऊन त्याच्या मागे जा, साडेसात फुटांवर उभे राहा आणि चष्मा न लावता मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे लाजू नका. आमच्या मुख्याध्यापकांचा प्रश्न विचारा : ही ओळ लिहिली कोणासाठी?